न घासलेली पट्टी

संशोधन केंद्रावरचा गडी पुनाभाऊ म्हणजे उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग. केंद्र पावसाळ्यापुरतं बंद व्हायला अजून दोन-तीन दिवस होते, तरी त्याने चहाचं पातेलं, तवा, परात, सगळं गोणपाटात घालून वर सुतळीने शिवून टाकलं होतं. मंगळवारी सकाळी सबाने चहा मागितला तेव्हा तो बिचारा तीच गोणी उसवत बसला.

"आते काय ऱ्हायनं आठे, ताई?" तो सुतळीला दात लावत म्हणाला. "बठ्ठं सामान बांधी टाकं मी. तू पन चाल आते घर."

"पिल्लू उडू दे, मग चालते," सबा म्हणाली.

हे उत्तर ती पंधरवडाभर सगळ्यांनाच देत होती. पहूरहून आईचा फोन आला तरी हेच, धुळ्याहून तिच्या मार्गदर्शक हितेंद्र सरांनी विचारलं तरी हेच.

सातझिऱ्याचं संशोधन केंद्र हे नाव ऐकून कुणाला काचेची इमारत दिसत असेल तर त्याने ती आधी पुसून टाकावी. पत्र्याच्या दोन खोल्या, एक सोलरची पाटी आणि उन्हाळ्यात तळ गाठणारी विहीर, एवढंच ते केंद्र. रावेर सोडलं की केळीच्या बागा संपेपर्यंत सडक बरी, पुढे सातपुड्याचा चढ लागला की गाडीतल्या माणसाला आपली हाडं मोजता यावीत असा रस्ता. मोबाईलला रेंज हवी तर मागच्या टेकाडावरच्या एका दगडावर उभं राहायचं. त्या दगडाला पुनाभाऊ टेलिफोन ऑफिस म्हणायचा. असल्या ठिकाणी सबाने चार वर्षं काढली होती, आणि ती कशासाठी काढली हे पहूरच्या लोकांना सांगायची सोय नव्हती.

कारण ती घुबडासाठी काढली होती.

तसं ते नुसतं घुबड नव्हे. रानपिंगळा. ओंजळीत मावेल एवढं पाखरू, पिवळ्याजर्द डोळ्यांचं, आणि त्याची मुख्य खोड म्हणजे सगळी घुबडं झोपतात तेव्हा हे भर दिवसा शिकार करतं. जुन्या झाडांच्या ढोलीत घर करतं. पण जुनी झाडं राहिली किती? झाड नाही तर ढोल नाही, ढोल नाही तर पिल्लू नाही, इतका सरळ हिशोब. सबाचं म्हणणं एवढंच होतं की ढोल नसेल तर आपण लाकडी पेटी टांगून देऊ, पाखराला घर मिळाल्याशी मतलब. तिने रानात पेट्या टांगल्या. पहिल्या वर्षी त्यांत खारी राहिल्या, दुसऱ्या वर्षी साळुंक्या, तिसऱ्या वर्षी एका पेटीत मधमाश्यांनी असं काही बस्तान मांडलं की पुनाभाऊचं तोंड आठवडाभर भोपळ्यासारखं होतं. रानपिंगळा मात्र पेटीकडे बघायचा आणि उडून जायचा.

आणि यंदा होळीनंतर, सगळ्यांनी आशा सोडली असताना, नाल्याकाठच्या मोहाला टांगलेल्या पेटीत एक जोडी येऊन बसली. मादीने अंडी दिली, त्यातल्या एकातून पिल्लू निघालं. सबा त्या दिवशी टेलिफोन ऑफिसच्या दगडावर उभी राहून इतकी ओरडली होती की फोनची गरजच नव्हती.

आता राहिलं होतं एवढंच. ते पिल्लू पेटीतून आपल्या पंखांनी बाहेर पडायला हवं होतं. पडलं, तर माणसाने केलेल्या घरात या पाखराचं पोर वाढू शकतं हे सिद्ध होणार होतं आणि पुढच्या डोंगरांवरही पेट्या लागणार होत्या. नाही पडलं, तर चार वर्षं पाण्यात. सबाने पहिल्याच दिवशी एक नियम केला होता आणि तो स्वतः सगळ्यांना दटावून सांगितला होता, की पिल्लू बाहेर पडेपर्यंत पेटीला कुणीही हात लावायचा नाही. पाखरू बिथरलं तर घर टाकून जातं. बघायचं ते समोरच्या आडोशात, लपणीत बसून. पेटीच्या झाकणात बोटाएवढा कॅमेरा होता आणि त्याची वायर पाचटाच्या लपणीतल्या छोट्या पडद्याला जोडलेली होती. सबाचा सगळा उन्हाळा त्या पडद्यासमोर गेला होता.

ही पेटी कुणी केली, ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यातूनच झालं.

पेटी केली सबाच्या वडिलांनी. हाशमभाई कूलरवाले म्हणजे पहूर-जामनेरच्या टापूत नाव काढावं असा माणूस. जळगावच्या उन्हाळ्यात माणूस भाकरीवाचून एक दिवस काढील, पण कूलरवाचून काढणार नाही, आणि हाशमभाईंचा कूलर म्हणजे घरात आलेली सून, एकदा आली की जन्मभर राहते. त्यांच्या कामाची एक खूण होती. बाहेरून कुणीही रंग मारतो, हाशमभाईंचा कूलर आतून बघावा. जिथे कुणाची नजर जात नाही तिथेही पत्र्याची कड कानशीने मारलेली, लाकडाला काचपेपर लावलेला. आत हात घालून फिरवा, लोण्यातून फिरवल्यासारखा फिरेल. सबा चार वर्षांची असताना दुकानात खेळता खेळता एका उघड्या कडेवर तिचा तळहात फाटला होता. टाके पडले होते. त्या दिवसापासून हाशमभाईंनी दुकानातून एकही धारदार कड बाहेर जाऊ दिली नाही. गिऱ्हाईक उशीर झाला म्हणून ओरडायचं, हे घासत बसायचे.

लेकीने पेटीचं चित्र काढून दिलं तेव्हा हाशमभाईंनी आधी नाक मुरडलं होतं. शेजारचा चुडामण किराणावाला रोज टोचायचा, "हाशमभाई, लोकांच्या पोरी डाक्टरीन होतात, तुमची घुबडांची मास्तरीन झाली का? घुबड बसलं ते घर उजाड होतं म्हणतात." हाशमभाई हसण्यावारी न्यायचे आणि घरी येऊन जेवायचे नाहीत. पण काम ते काम. पेटी अशी केली की बघत राहावं. दुहेरी लाकडी भिंत, मधे कूलरचं गवत ठासलेलं, म्हणजे बाहेर कितीही आग बरसो, आत सुसह्य. आणि आतून? आतून त्यांनी तीनदा काचपेपर मारला आणि वर तेलाचा हात दिला. पेटी आली तेव्हा सबाने आत हात फिरवला होता. तळहातावरच्या जुन्या व्रणालासुद्धा काही लागलं नाही. तिला केवढं कौतुक वाटलं होतं!

मंगळवारी दुपारी लपणीत बसून पडद्याकडे बघताना तेच कौतुक तिच्या अंगाशी आलं.

पिल्लू तयार झालं होतं. पंख पुरे, डोळ्यांत धमक. समोरच्या सागावर आई तोंडात सरडा धरून बसली होती आणि हाका मारत होती. या पाखरांची रीतच अशी. पोर उडायच्या वयाचं झालं की आयता घास बंद, बाहेर ये आणि खा. पिल्लाने मान वर केली, भोकाकडे बघितलं आणि उडी मारली. नख्या भिंतीला लागल्या आणि सरळ खाली घसरल्या. पुन्हा उडी. पुन्हा घसरगुंडी. ढोलीत खरखरीत लाकूड असतं, पिल्लं त्याला नख्या रुतवून चढतात. इथे रुतवायला काही नव्हतंच.

सबा बघत राहिली. आपण काय करून ठेवलंय हे तिच्या ध्यानात आलं. चित्र तिने काढलं होतं, मापं तिने दिली होती, भोक केवढं, झाकण कसं, सगळं लिहिलं होतं. आतून खरखरीत ठेवा, एवढं लिहायचं राहिलं होतं. हाशमभाईंच्या घरात वाढलेल्या पोरीला ते सुचणार तरी कसं? अति तेथे माती म्हणतात ती ही.

संध्याकाळपर्यंत आई सरडा दाखवत राहिली आणि पिल्लू घसरत राहिलं. मग त्याने उड्या मारणं सोडून दिलं.

बुधवारी उजाडताच ती टेकाडावर गेली आणि हितेंद्र सरांना फोन लावला. सर शांत माणूस. सगळं ऐकून घेतलं.

"नियम तूच केलास, सबा. हात लावला आणि आई-बाप पळाले, तर?"

"नाही लावला तर आतच मरेल, सर. कालपासून पोटात घास नाही."

मग सर म्हणाले, "पेटीसमोर तू आहेस, मी नाही. मी परवानगी देतो. पण निर्णय तुझा, आणि काय होईल ते तूच लिहायचं. चांगलं झालं तरी आणि वाईट झालं तरी."

फोन ठेवते न ठेवते तोच आईचा आला. हसीनाबी एरवी मऊ बोलणारी बाई, पण शुक्रवारी धाकटीचा, खुशनुमाचा, निकाह होता आणि आज घरात हळद. "सबा, मोठी बहीण हळदीला नसली तर लोक काय म्हणतील? तुझे अब्बा पहाटेच निघाले. रावेरला केळीवाल्याच्या मांडवात कूलर पोचवून टेंपो घेऊन तुझ्याकडेच येताहेत. आता नाही म्हणू नको, बेटा." सबा नाही म्हणाली नाही. होही म्हणाली नाही, फोन ठेवला आणि सरळ लपणीकडे निघाली.

टेंपो आला तेव्हा ऊन चांगलं तापलं होतं. हाशमभाई खाली उतरले, डोक्याचा रुमाल सोडून तोंड पुसलं आणि आल्या आल्या हुकूम सोडला. "चाल, आवर. घरी मांडव घातला, आन् तू अजून झाडाखाली. सामान चढव रे, पुना."

पुनाभाऊला एवढंच हवं होतं. त्याने आधी शिडीच टेंपोत चढवली.

"अब्बा," सबा म्हणाली, "एक मिनिट माझ्याबरोबर या. काही बोलू नका, नुसतं बघा."

हाशमभाई कुरकुरत लपणीत वाकून शिरले. चार वर्षांत ते इथे पहिल्यांदाच येत होते. पडद्यावर पेटीचा तळ दिसत होता आणि कोपऱ्यात एक पिसांचा गोळा. बाहेर मादीने हाक दिली. गोळ्यातून दोन पिवळे डोळे उघडले, पिल्लू कसंबसं उभं राहिलं, उडी मारली, भिंतीवर नख्या फिरल्या आणि ते पाठीवर आपटलं.

"कायले पडते ते?" हाशमभाईंनी हळूच विचारलं.

"चढता येत नाही त्याला."

पिल्लाने पुन्हा उडी मारली. या वेळी अर्ध्यापर्यंतसुद्धा पोचलं नाही. हाशमभाई पडद्याच्या आणखी जवळ गेले. ते आता पिल्लाकडे बघत नव्हते, भिंतीकडे बघत होते. तेलाचा हात दिलेली ती भिंत कॅमेऱ्याच्या उजेडात चमकत होती. कुणी काही सांगायची गरज उरली नाही.

"पॉलिश म्या मारलं," ते म्हणाले. "तीन डाव मारलं. म्हटलं पाखराचं पिल्लू, नाजूक जीव, त्याला कुठं खरचटाय नको."

"चूक माझी आहे अब्बा, मी लिहिलं नाही."

"हात माझा फिरला ना!" हाशमभाईंचे डोळे भरले होते आणि ते लपवायची त्यांना शुद्ध नव्हती. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात कुणाच्या हाताला ओरखडा येऊ दिला नाही, त्याच्या कामापायी एक जीव आडात पडलेल्या मांजरासारखा अडकला होता. चुडामणने वर्षभर टोचलं तेव्हा जेवढं लागलं नसेल तेवढं हे त्यांना लागलं. रुमालाने त्यांनी नाक पुसलं. "मले सांग, काय करायचं. घर गेलं खड्ड्यात, हळद लागतच राहील. हे आधी."

सबाच्या डोक्यात रात्रीपासून एकच गोष्ट घोळत होती. "आत एक पट्टी सोडायची. शिडीसारखी. खाचा पाडलेली, भोकापर्यंत पोचेल अशी."

"पट्टी आहे!" हाशमभाई म्हणाले आणि या वयात कसे धावले ते त्यांनाच ठाऊक. कूलर एकमेकांना घासू नयेत म्हणून टेंपोत मधे सागाच्या पट्ट्या घातल्या होत्या. त्यातली एक त्यांनी ओढली. पेटीचं माप विचारायचं कारणच नव्हतं, ते त्यांच्या बोटांत होतं. पट्टी कापली आणि गुडघ्याखाली दाबून हेक्सा ब्लेडने तिच्यावर आडव्या खाचा पाडायला बसले. भुसा उडत होता. पट्टीच्या डोक्याला एक खिळा ठोकून वाकवला, भिंतीवर अडकवायला.

आणि मग त्यांचा हात खिशात गेला. जित्याची खोड! काचपेपरचा तुकडा बाहेर आला, पट्टीवर टेकलासुद्धा.

सबाने त्यांचं मनगट धरलं. "नाही, अब्बा."

"अगं कुसळं निघाली बघ, एवढाली. नुसता एक हात मारू दे."

"एकही नाही."

"त्याच्या पायात घुसलं तर?"

"त्याला कुसळच पाहिजे, अब्बा. त्याशिवाय धरील कशाला?"

हाशमभाईंनी पट्टीकडे बघितलं. कडा ओबडधोबड, खाचांतून लाकडाचे केस बाहेर आलेले. असलं काम दुकानात एखाद्या कारागिराने पुढे केलं असतं तर त्यांनी त्याला उभ्याउभ्या हाकललं असतं. त्यांनी काचपेपर हातातल्या हातात चुरगळला, खिशात कोंबला आणि पट्टी लेकीच्या हातात दिली. देताना तोंड असं केलं होतं की जणू उपाशी पाहुण्याला दारातून परत लावताहेत.

शिडी टेंपोतून पुन्हा उतरवावी लागली. पुनाभाऊने चढवताना तिच्यावर भांडी, गाद्या, ट्रंका असं सगळं रचलं होतं, ते सगळं पुन्हा खाली. उतावळेपणाचं फळ त्याला घामाच्या रूपाने मिळालं आणि सबाला त्याही गडबडीत थोडं बरं वाटलं.

"मी चढतो," हाशमभाई मोहाखाली आले आणि म्हणाले. "खिडक्यांवर कूलर चढवण्यात जन्म गेला माझा."

"पाखरं मला ओळखतात, तुम्हाला नाही. तुम्ही शिडी धरा."

धरली. दोन्ही हातांनी, पाय रोवून, वर बघत. हीच पोरगी लहानपणी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर दिसली तरी हा माणूस दुकानातून ओरडायचा.

सबा चढली. सागावरची मादी एकदम गप्प झाली. मग ती सुटली ती थेट सबाच्या डोक्यावर. ओढणी फटकन उडाली. सबाने मान खाली घातली आणि एका हाताने झाकण उघडलं. आत ते दोन डोळे तिच्याकडे बघत होते. चार वर्षं ज्यासाठी काढली ते हातभर अंतरावर होतं, तिला वाटलं उचलून बाहेर काढावं, फांदीवर ठेवावं आणि मोकळं व्हावं. पण उचलून ठेवलेलं पिल्लू ते उडालेलं पिल्लू नव्हे. तिने पट्टी भिंतीला लावून सावकाश आत सोडली. खिळा काठावर अडकत नव्हता, जोर दिला, तेव्हा तो बसला आणि त्याच झटक्यात पट्टीचं एक लांब कुसळ तिच्या तळहातात घुसलं. तिच्या तोंडून हूं की चूं निघालं नाही. झाकण लावलं आणि ती खाली आली.

मादी नाल्यापलीकडे निघून गेली होती. नराचाही पत्ता नव्हता.

तिघं लपणीत बसले. पुनाभाऊ दाराशी उकिडवा, हाशमभाई पडद्याच्या पुढ्यात. रान तापून गप्प झालं होतं. पडद्यावर पिल्लू त्या पट्टीकडे साप आल्यासारखं बघत विरुद्ध कोपऱ्यात चिकटून बसलं होतं. वेळ जात राहिला. सबाला वाटायला लागलं, झालं, आपण नियम मोडला आणि पाखरांनी घर मोडलं. हितेंद्र सरांना काय लिहायचं त्याचे शब्दसुद्धा तिने मनात जुळवले. हाशमभाईंचे ओठ हलत होते. दुआ मागत होते. घुबडासाठी दुआ मागणारा पहूरमधला तो पहिलाच माणूस असावा.

सावल्या नाल्याकडे झुकायला लागल्या तेव्हा सागावरून मादीची हाक आली.

"माय उनी," पुनाभाऊ पुटपुटला. "तोंडमा काहीतरी शे. उंदीर शे, ताई!"

पिल्लाने मान वर केली. एक पाऊल पुढे आलं. पट्टीवर एक पाय ठेवला आणि काढून घेतला. पुन्हा ठेवला. नख्या खाचेत बसल्या. त्या बसल्यात हे त्यालाही नवलच वाटलं असावं, कारण ते तसंच थोडा वेळ उभं राहिलं. मग दुसरा पाय.

"धर," हाशमभाई पडद्याला सांगत होते. "धर, बेटा. घट धर. हां. आता वरचं."

एका खाचेवर पाय सुटला. सबाने डोळे मिटले. उघडले तेव्हा पिल्लू एका पायावर लोंबत होतं, नख्या लाकडात रुतलेल्या. पंख फडफडवत त्याने दुसरी खाच पकडली, मग तिसरी. पुढे पडद्यावर नुसती शेपटी दिसली आणि मग तीही दिसेनाशी झाली.

तिघांनी एकदमच पाचटाच्या फटीला डोळे लावले. मोहाच्या झाडावर, हाशमभाईंच्या पेटीच्या भोकात, एक गोल तोंड आलं होतं. पिवळे डोळे उन्हात मिचमिचले. त्याने एकदा डावीकडे बघितलं, एकदा उजवीकडे, जणू गल्लीत पहिल्यांदा आलेलं पाहुण्यांचं पोर. आईने उंदीर हलवून दाखवला. आणि ते उडालं. उडालं काय, निम्मं उडालं आणि निम्मं पडलं, एका झुडपाला घासलं, पण खाली आलं नाही. सागाच्या खालच्या फांदीला जाऊन चिकटलं, झोकांड्या खाल्ल्या, सावरलं. आई जवळ सरकली आणि घास त्याच्या तोंडात दिला.

"निंघनं! निंघनं व माय!" पुनाभाऊने लपणीबाहेर उडी घेतली, धावत टेंपोकडे गेला, गोणी टराटरा फाडली आणि पातेलं काढून उलथण्याने बडवायला लागला. एरवी रानात शिंकलं तरी डोळे वटारणारी सबा त्याला एका शब्दाने बोलली नाही. ती रडत होती आणि हसत होती, दोन्ही एकदम, आणि तिला त्याची लाज वाटत नव्हती. चार वर्षं! खारी, साळुंक्या, मधमाश्या, चुडामणचे टोमणे, सगळं वसूल झालं होतं. ती जिंकली होती.

हाशमभाई अजून फटीला डोळा लावूनच बसले होते. "बसलं ना ते नीट?" त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं. "पडणार नाही ना आता?"

"नाही अब्बा. आता ते त्याचं त्याचं बघेल."

मग त्यांची नजर तिच्या हाताकडे गेली. तळहातावर रक्ताची रेघ सुकली होती, जुन्या व्रणाच्या अगदी शेजारी. त्यांनी हात ओढून घेतला आणि उजेडात धरला. सबाला वाटलं आता कपाळावर हात मारून घेतील. पण हाशमभाई त्या कुसळाकडे बघून एकदम हसायलाच लागले, खांदे हलेपर्यंत. "चांगलं लागलं," चिमटीत आलं तेवढं कुसळ काढत ते म्हणाले. "म्हटलं होतं ना, एवढाली आहेत."

निघताना सबाने टेकाडावर जाऊन हितेंद्र सरांना दोनच शब्द सांगितले. "उडालं, सर." पलीकडून सरांनी जे काही केलं ते टाळ्यांसारखं ऐकू आलं. पुढच्या हंगामात पलीकडच्या डोंगरावर पेट्या लावायच्या, हे त्याच दगडावर ठरलं.

टेंपो पहूरमध्ये शिरला तेव्हा हळद लागून गेली होती आणि हसीनाबी दारात उभी होती, रागावून. हाशमभाईंनी तिला एक अक्षर बोलू दिलं नाही. मांडवात, पाहुण्यांत, कूलरच्या वाऱ्यात बसून त्यांनी सगळी हकिगत सांगितली, पिल्लू कसं पडलं, कसं चढलं, स्वतः मान वर करून, हवेतल्या खाचांत बोटं रोवून. दुसऱ्यांदा सांगितली तोवर पिल्लू बरंच उंच चढायला लागलं होतं. चुडामण किराणावालाही आलेला होता.

"म्हणजे घुबड तुमच्या पेटीत राहिलं?" त्याने विचारलं. "आन् तुम्ही खूश?"

"तू म्हणला होता ना, घुबड बसलं ते घर उजाड होतं," हाशमभाई म्हणाले. "अरे, उजाड आपण त्याला केलं होतं. माझ्या पोरीनं त्याचं घर बसवलं." चुडामणने सरबताचा ग्लास तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही.

गुरुवारी दुपारी खुशनुमाच्या मेंदीला बाया जमल्या. मेंदीवाली सुमनबाई आधी नवरीचे हात रंगवून सबाकडे वळली. तिचा तळहात उघडला आणि कोन हातातच थांबला.

"अगं बाई, हे काय? केवढं कुसळ गेलंय!" ती मोठ्याने म्हणाली. "हाशमभाईंच्या घरात कुसळ? यांच्या घरात तर पाटसुद्धा बोटाला लागत नाही. कुठल्या येड्याने लाकूड घासलं नव्हतं?"

बाया हसल्या. दाराबाहेर हाशमभाई मांडवाचा एक कूलर उघडून आतल्या कडेला काचपेपर मारत बसले होते. त्यांनी हात थांबवला आणि मान आत घातली.

"ती पट्टी माझी," ते म्हणाले, आणि इतक्या ऐटीत म्हणाले की सुमनबाई बघतच राहिली. "ती म्या घासली नव्हती."